हातात पैसा नसताना मुलांचे बालपण मोकळे कसे ठेवावे?

प्रश्न : सूतगुंडी

नमस्कार. सोलापूरच्या पूर्व भागात आमचे टॉवेलचे आठ यंत्रमाग आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांतले तीनच चालू आहेत आणि तेही एकाच पाळीत. भाड्याचे घर सोडून आम्ही कारखान्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलो, मुलीचा नृत्याचा वर्ग थांबवला आणि या सुट्टीत शिबिराचा विषयच काढला नाही. मुलगी नऊ वर्षांची आहे, मुलगा सहा वर्षांचा.

पैशाची ओढाताण मी निभावून नेईन, पण एका प्रसंगाने माझी झोप उडवली आहे. मागच्या आठवड्यात दुकानात मुलीने रंगांची पेटी उचलली, उलटी करून किंमत वाचली आणि माझ्याकडे न पाहता ती होती तिथेच, शेजारच्या पेट्यांच्या ओळीत कड जुळवून परत ठेवली. मी तिला एक शब्दही बोललो नव्हतो. रात्री आम्ही दोघे उधारीचे बोलतो, ते तिच्या कानावर जात असणार.

माझी आई म्हणते की तुम्ही भावंडेही अडचणीतच वाढलात. दिवसभर बाहेर असायचात, सुताच्या रिकाम्या कोनांचे मनोरे रचायचात आणि भूक लागली की घरी यायचात. हे खरे आहे आणि ते दिवस मला सुखाचेच आठवतात. मग हलाखीत मुलांची कल्पनाशक्ती फुलते असे मानावे, की आपण गोड तेवढे लक्षात ठेवून बाकीचे विसरलो आहोत? आणि घरच्या परिस्थितीबद्दल मुलांना किती सांगावे? अनुभवी मंडळींनी कृपया मनापासून लिहावे.

उत्तर : गिरणगल्ली

दादा, १८७७ साली ‘जुनी मिल’ ही कापडगिरणी सुरू झाली तेव्हापासून कित्येक पिढ्या या गावाचे घड्याळ म्हणजे मिलचा भोंगा होता. माझे वडील विणाई खात्यात होते. त्यांची मिल बंद पडली तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. भोंगा वाजेनासा झाला आणि सकाळी वडील घरातच दिसू लागले, एवढाच बदल मला कळला. थकलेली देणी, किराणा दुकानातली वही, आईचे गहाण पडलेले डोरले हे सगळे फार नंतर समजले.

आम्ही चाळीतली मुले तेव्हा ‘मिल-मिल’ खेळत असू. एक जण तोंडाशी ओंजळ धरून भोंगा व्हायचा, एक जण हजेरी घेणारा मुकादम, आणि उरलेले समोरासमोर दोन रांगांत बसून चपलेचा धोटा, म्हणजे मागावर आडवे सूत नेणारे साधन, इकडून तिकडे सरकवायचे. एका संध्याकाळी वडील ओट्यावर बसून हे पाहत होते. बंद पडलेल्या मिलचा आम्ही खेळ केला म्हणून ते रागावतील, अशी मला भीती वाटली. ते उठले, घरात गेले आणि खरा लाकडी धोटा घेऊन आले. दोन्ही टोकांना लोखंडी टोपण, मधला भाग हात लागून लागून गुळगुळीत झालेला. त्यात सुताची कांडी कशी बसते, सूत बारीक भोकातून कसे ओढून काढतात आणि धोटा वाटेत अडकला तर किती तार तुटतात, हे त्यांनी आम्हा सात-आठ मुलांना जमिनीवर मांडी घालून दाखवले. मिल बंद झाल्यापासून ते कुणाशी इतका वेळ बोलल्याचे मला आठवत नाही.

त्या धोट्यावर आम्ही पुढची दोन वर्षे खेळलो. कधी त्याची होडी झाली, कधी आगगाडी, कधी सिद्धेश्वर तलावातली मगर. म्हणून माझे मत असे की आमचा खेळ बहरला तो गरिबीमुळे बहरला नाही. चाळीचे अंगण होते, न मोजलेला वेळ होता, आणि मोठी माणसे ओट्यावर बसून असली तरी खेळात हात घालत नव्हती.

किती सांगावे याबद्दल मात्र मी ठाम आहे. वडिलांनी आम्हाला काहीच सांगितले नाही, म्हणून मी मनाशी फार वाईट कल्पना करत बसलो. घर सोडावे लागणार असे धरून मी पुस्तके एका पोत्यात भरून पलंगाखाली ठेवली होती आणि रोज शाळेतून आलो की पोते जागेवर आहे ना ते पाहत असे. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपण स्वतः मुलीला जवळ बसवून सांगा की सध्या माग कमी चालतात म्हणून आपण खर्च आवरतो आहोत, पण शाळा आणि जेवण यांना धक्का लागणार नाही. मात्र हे खरे असेल तरच सांगा.

उत्तर : तेंदूपान

वरचे उत्तर मनाला भिडले, तरी त्यात एक बाजू राहून गेली आहे, ती मांडते. त्या अंगणात किती मुली होत्या?

माझी आई विडी कामगार होती. सोलापुरात हजारो घरे या कामावर चालली आहेत आणि त्या घरांतल्या मुलींचे बालपण विड्या वळायच्या सुपापाशी गेले आहे. शाळेतून आले की हातपाय धुऊन आईसमोर बसायचे आणि तिने वळलेल्या विड्यांची तोंडे आत दुमडायची. माझा भाऊ त्या वेळी गच्चीवर पतंग उडवत असे. तो तासभर उशिरा आला तर कुणी विचारत नसे. मी दहा मिनिटे उठले तर हजार विड्या भरायच्या राहत आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात आईला त्याचे ऐकून घ्यावे लागे.

तरीही मी खेळत होते. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, असे चाळीस कट्टे झाले की हजार. मी ते कट्टे एकामागे एक लावून मुंबईची गाडी करायची आणि प्रत्येक डब्यात कोण बसले आहे ते मनात ठरवायची. अकराव्या डब्यात नेहमी एक बाई एकटी असे. तिच्या मांडीवर सूप नव्हते, ती खिडकीतून बाहेर पाहत असे. आईने कट्टे उचलून टोपलीत भरले की गाडी संपत असे. माझी कल्पना त्या कामाने दिली असे कुणी म्हटले तर मला राग येतो. त्या कामातून मी ती कशीबशी वाचवली.

अडचणीच्या काळात घरातले वरकाम नकळत थोरल्या मुलीकडे सरकते. दादा, आपल्या मुलीने पेटी परत ठेवली, याचा अर्थ ती आत्ताच घरातली मोठी बाई व्हायला लागली आहे. पाणी येण्याच्या दिवशी घागरी कोण भरते आणि धाकट्याकडे कोण पाहते, हे आठवडाभर नीट लक्षात घ्या. भावाला जेवढे तास मोकळे मिळतात तेवढे तिलाही मिळू देत. आणि रंग आणून द्या. लहान पेटी चालेल. मी खूप मोठी होईपर्यंत स्वतःसाठी काही मागू शकले नाही.

उत्तर : बाभूळबन

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका आहे. १९७२ च्या दुष्काळात आम्ही सांगोला तालुक्यात होतो आणि आई-वडील पाझर तलावाच्या कामावर जात. आम्हा मुलांना वाटीभर सुकडी मिळे. ती खाऊन झाली की आम्ही बाभळीखाली आमचा वेगळा तलाव बांधत असू. मोठी माणसे जसा मातीचा भराव घालत तसाच आम्ही घालायचो, दगडांचे अस्तर लावायचो, सांडवासुद्धा काढायचो. ओतायला पाणी नव्हते, म्हणून रस्त्यावरचा मऊ फुफाटा ओंजळीने आणून तलावात भरायचो आणि बोटाने त्यावर लाटा काढायचो. त्या वर्षी आमच्यातले दोन जण शाळेतून कायमचे सुटले, हेही मला त्याच बाभळीबरोबर आठवते. तेंदूपानताईंशी मी पूर्ण सहमत आहे.

पुढे प्रशिक्षणात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचे काम अभ्यासले तेव्हा तो फुफाटा पुन्हा आठवला. १९४५ साली बोर्डीला काम सुरू केल्यावर त्यांनी महागडी साधने बाजूला ठेवली आणि शिंपले, बिया, खडे, पाने यांतून बालशिक्षण उभे केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. साधन स्वस्त होते, पण मुलाकडे लक्ष देणारे मोठे माणूस रोज तिथे हजर होते.

आपल्या घरात कोन, पुठ्ठ्याची खोकी आणि टॉवेलची कात्रणे मुबलक असतील. ती एका कोपऱ्यात ठेवा आणि तो कोपरा आवरायला लावू नका. माग चालू असताना मात्र मुले खाली येता कामा नयेत. पट्ट्यात ओढणी अडकून झालेला अपघात मी जवळून पाहिला आहे. उन्हाचा तडाखा पाहता दुपार घरात आणि संध्याकाळ बाहेर, असे ठेवा. धोट्याची गोष्ट वाचलीत ना, तसे अधूनमधून आपणही जमिनीवर बसा.

सूतगुंडी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परवा मुलीला सगळे सांगितले. तिने एकच प्रश्न विचारला : आठही माग विकावे लागतील का? मी म्हणालो, सध्या तरी नाही. ती बराच वेळ गप्प होती आणि मग भावाला उठवायला गेली. घागरींचे काम आता मी आणि सौ. वाटून घेतले आहे.

रंग आणले. कोनांचे एक पोते वर नेऊन ठेवले आहे. काल दुपारी दोघांनी कोनात कोन अडकवून छताला टेकेल एवढी काठी केली, तिला कात्रणांचे बाशिंग बांधले आणि आजीला अक्षता टाकायला लावल्या. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत मिरवतात तो नंदीध्वज होता तो. भिंतीला टेकवून ठेवला होता. रात्री दोनदा पडला आणि मुलाने दोन्ही वेळा उठून तो सरळ केला. सकाळी मुलगी खाली जिन्यापर्यंत आली आणि पोते संपले म्हणाली. नंदीध्वज सात असतात, अजून सहा व्हायचे आहेत.