मदत हवी आहे: टाचेच्या फ्रॅक्चरला मोठा छेद की छोटा?

भाऊ शिडीवरून पडला, टाचेचं हाड फुटलंय, सीटीत सँडर्स टाइप 3 (म्हणजे टाचेतल्या सांध्याच्या पृष्ठभागाचे तीन तुकडे) आलंय. एक डॉक्टर म्हणतात बाहेरच्या बाजूने एल आकाराचा मोठा छेद घेऊ, सांधा नीट दिसतो, पण सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडेपर्यंत थांबायचं, शिवाय जखम चिघळायची भीती जास्त आणि आमचे साहेब सिगारेटवाले (सांगून दमलो). दुसरे म्हणतात घोट्याखाली छोटा छेद पुरे, सायनस टार्सी म्हणतात त्याला, फक्त फार उशीर नको, तुकडे जुळायला लागले की तेवढ्याशा जागेतून हलवणं अवघड. आज 6वा दिवस. टाइप 3 ला छोट्या छेदातून सांधा खरंच सपाट बसतो का? कोणी करून घेतलंय का, पाय कधी टेकवला, बधिरपणा राहिला का?