सिनात्राचं ‘सलिलक्वी’ ऐकाच

कुणी एकांनी लिहिलंय की अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा म्हणजे माइकजवळ गुणगुणलेली प्रेमगीतं, नाटकातली कसदार गाणी हा त्याचा प्रांतच नव्हे. मला हे अजिबात पटत नाही. ‘कॅरोसेल’ (१९४५) या रॉजर्स-हॅमरस्टाइनच्या संगीतनाटकातलं ‘सलिलक्वी’ (म्हणजे स्वगत) हे गाणं त्याच्या आवाजात ऐका. आपण बाप होणार हे नुकतंच कळलेला नायक बिली स्वतःशीच बोलतोय. आधी होणाऱ्या मुलाबद्दलची फुशारकी, मग मध्येच ‘मुलगी झाली तर?’ हा विचार येतो आणि सगळा नूरच पालटतो. गाणं जवळपास आठ मिनिटांचं. १९४६ साली त्याने ते गायलं तेव्हा तबकडीच्या दोन्ही बाजू खर्ची पडल्या! मला मात्र नेल्सन रिडलच्या वाद्यवृंदासोबतचं १९६३ चं ध्वनिमुद्रण जास्त भिडतं. तिथे गाणारा माणूस सत्तेचाळीस वर्षांचा आहे, आणि मुलीच्या विचाराने बिली हबकतो ते खरं वाटतं.

ते ज्या अल्बमवर आहे, त्याच ‘द कॉन्सर्ट सिनात्रा’वर ‘ओल मॅन रिव्हर’ हे गाणंही आहे. ‘जेल’ हा शब्द तो खाली खर्जात नेतो आणि श्वास न तोडता थेट पुढच्या ओळीत शिरतो. हा दमसास माइकने दिलेला नाही. टॉमी डॉर्सीच्या बँडमध्ये असताना, डॉर्सीचं ट्रॉम्बोनवादन रोज जवळून न्याहाळत सिनात्राने तो कमावला.

‘कॅरोसेल’च्या सिनेमातही बिली सिनात्राच होणार होता, पण ऐनवेळी तो बाहेर पडला आणि गॉर्डन मॅक्रे आला. याची मला अजूनही हळहळ वाटते.