पीएसएस-१० मराठीत: उलट-अनुवाद चोख, तरी ४, ५, ७, ८ जुळत नाहीत

खाडीकाठ (ठाणे): ताण मोजायची १० प्रश्नांची पीएसएस (पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल) ही इंग्रजी प्रश्नावली मराठीत आणतोय. उत्तरं देणारे दोन गट: तुर्भ्याच्या मार्केटातले माथाडी कामगार आणि ऐरोलीतले आयटी कर्मचारी. माथाडींना प्रश्न वाचून दाखवले, आयटीवाल्यांनी मोबाइलवर भरले. उलट-अनुवाद (मराठीचं पुन्हा इंग्रजीत भाषांतर) मूळ इंग्रजीशी तंतोतंत जुळला होता. तरी ४० जणांच्या चाचणीत अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचा आकडा) हव्या त्या ०.७ च्या बराच खाली. माथाडी गटात ४, ५, ७, ८ बाकीच्यांशी जुळतच नाहीत. ते काढून टाकावेत का?

शब्दतोल: काढू नका. आधी गुण तपासा. हे चारही प्रश्न सकारात्मक आहेत, त्यांचे गुण उलटवावे लागतात: ० चे ४, १ चे ३. ते केलं असेल तर दोष भाषांतरात शोधा.

उलट-अनुवाद तंतोतंत आला म्हणून निर्धास्त होऊ नका. ८ व्या प्रश्नात मूळ शब्द ‘ऑन टॉप ऑफ थिंग्ज’ आहेत. मराठीत ‘सगळ्याच्या वर’ लिहिलं की इंग्रजीत परत जाताना तेच मिळतं, पण ऐकणाऱ्याला त्यात गर्वाचा वास येतो आणि तो ‘नाही’ म्हणतो. ‘सगळं नीट सांभाळता येतंय’ असं ठेवा. ‘आटोक्यात’ मोहात पाडतो, पण २ रा प्रश्नच ताब्याबद्दल आहे. दोन्हीकडे एकच शब्द आला तर ते दोन प्रश्न उगाच एकमेकांना चिकटतील. ६ व्यासाठी ‘कामं झेपेनाशी झाली’ याहून सरळ मराठी मला तरी दिसत नाही.

खाडीकाठ: गुण उलटवले आहेत. ८ वा मात्र अगदी तसाच लिहिला होता!

पारसिक: मग पर्यायही बघाच. ‘किती वेळा’ विचारलं की समोरचा ‘चार-पाच वेळा’ असा आकडा सांगतो, आणि खूण कुठे करायची ते मुलाखत घेणारा मनानेच ठरवतो. ‘असं वाटलं का?’ विचारा आणि पर्याय वाचा: कधीच नाही, क्वचित, अधूनमधून, बऱ्याचदा, सतत. पाच चिठ्ठ्यांवर लिहून लोकांना क्रम लावायला सांगा. ज्या दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल होते, त्यातला एक शब्द बदला. ‘बऱ्याचदा’ आणि ‘खूपदा’ हमखास अडकतात.

‘गेल्या महिन्यात’ ऐकून काहीजण कॅलेंडरचा मागचा महिना धरतात. ‘आजपासून मागचे ३० दिवस’ म्हणा. ओझी उचलणाऱ्याला ‘ताण’ म्हणजे पाठीचा ताण; ‘टेन्शन’ बेलाशक लिहा. प्रत्येक गटातल्या ८-१० जणांना प्रत्येक प्रश्नाचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा.

मोजपट्टी: एकाला वाचून दाखवलं, दुसऱ्याने मोबाइलवर भरलं, तर दिसणारा फरक गटाचा की पद्धतीचा हे कधीच सुटणार नाही. दोघांनाही वाचूनच दाखवा.

४० जणांवर आकडेमोड नको. शब्द पक्के झाले की प्रत्येक गटात किमान २०० घ्या, उत्तरं क्रमवार धरा (पर्यायांना नुसता क्रम, सारखं अंतर नाही), एक-घटक आणि दोन-घटक (सगळे प्रश्न मिळून एकच गोष्ट मोजतात की दोन) दोन्ही रचना तपासा. सकारात्मक प्रश्न वेगळा घटक बनवतात, हे अनेक देशांत दिसलंय. पुढे घटकभार (प्रश्नाचं घटकाशी नातं किती घट्ट), मग उंबरठे (एका पर्यायावरून पुढच्यावर जायची पातळी) दोन्ही गटांत समान धरा. सीएफआय (रचना उत्तरांशी किती जुळते याचा आकडा) ०.०१ हून जास्त घसरला तर सरासऱ्यांची तुलना करू नका.

पुनर्चाचणी (त्याच लोकांना तीच प्रश्नावली पुन्हा) लांबवू नका. १९८३ च्या मूळ १४ प्रश्नांच्या आवृत्तीत दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध २ दिवसांनी ०.८५ होता, ६ आठवड्यांनी ०.५५, ताण खरंच बदलतो. निदानाचा कट-ऑफ या मापनाला नाही, अहवालातही घालू नका. जोडीला पीएचक्यू-९ (नैराश्याची ९ प्रश्नांची प्रश्नावली) देणार असाल तर तिचा ९ वा प्रश्न आत्महत्येच्या विचारांचा आहे. त्याचं उत्तर त्याच दिवशी बघणारा माणूस आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्या फॉर्मच्या आधी तयार हवा.