पॉलिमर तेल धूत नाही, रेटतो
जमिनीखालचं तेल जास्त निघावं म्हणून विहिरीतून पाण्यासोबत पॉलिमर (लांब साखळ्यांचे रेणू) सोडतात. "पॉलिमरमुळे खडकाला चिकटलेलं तेल धुऊन निघतं" असं म्हटलं जातं, ते तितकंसं बरोबर नाही. ते काम सर्फॅक्टंटचं, म्हणजे साबणासारख्या पदार्थाचं. पॉलिमर मुख्यतः पाणी दाट करतो. नुसतं पाणी सोडलं तर ते जाड तेलाला बगल देऊन सोप्या वाटेने उत्पादन विहिरीत पोचतं; दाट पाणी तेलाला पुढे रेटत नेतं.

खरी डोकेदुखी क्षारांची. खाऱ्या पाण्यात, त्यातून कॅल्शियम असेल तर, एचपॅम या कृत्रिम पॉलिमरच्या साखळ्या आखडतात आणि दाटपणा घसरतो. झँथन हा जैविक पॉलिमर तिथे टिकतो, पण जिवाणू त्यावर ताव मारतात!

तेलाच्या पाइपलाइनचा मुद्दा वेगळा. तिथे काही पीपीएम (दहा लाख भागांत काही भाग) पॉलिमर प्रवाहातली खळबळ दाबून घर्षण घटवतो. ट्रान्स-अलास्का पाइपलाइनमध्ये हे १९७९ मध्येच सुरू झालं.