साडेतेरा वर्षांच्या मुलाचं मनगट मोडलं, गुडघाही दुखतोय. हाडं ठिसूळ आहेत का?

रात्रपाळी
लेक साडेतेराचा. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या पँटींतून घोटे बाहेर आलेत, बूट दोन नंबरांनी वाढले. गेल्या आठवड्यात धावताना पाय अडकला, हात टेकून पडला आणि मनगटाच्या वरचं हाड मोडलं. उंचावरून वगैरे नाही, सपाट जमिनीवर! प्लास्टर घातलंय. डॉक्टर म्हणाले, "या वयात होतं," आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्यात महिनाभर उजवा गुडघा दुखतोय. सासूबाईंच्या मते हाडं ठिसूळ आहेत, नवरा म्हणतो खेळ बंद करू. कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू का? तपासण्या कोणत्या? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

दोन पोरांचा बाप
ताई, घाबरू नका. आमच्या थोरल्याचंही चौदाव्या वर्षी अगदी हेच मनगट. आता एकोणीसचा आहे, माझ्यापेक्षा वीतभर उंच. गोळ्या मात्र आपल्या मनाने देऊ नका.

हाडवैरी (पेशाने फिजिओथेरपिस्ट, नाव गमतीने घेतलंय)
डॉक्टरांनी बरोबरच सांगितलं, फक्त अर्धं सांगितलं. मुलांची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या आसपास, वर्षाला ९-१० सेंमीपर्यंत. हाड आधी लांब होतं. त्यात कॅल्शियम-फॉस्फरस भरण्याचं काम सहा महिने ते वर्षभर मागे रेंगाळतं. भिंत उभी राहिली पण अजून ओली आहे, असं समजा. मुलग्यांचे मनगटाजवळचे फ्रॅक्चर याच काळात सगळ्यात जास्त दिसतात. म्हणजे 'ठिसूळ हाडं' हा आजार नाही, तो एक टप्पा आहे. एका साध्या पडण्यावरून मी तरी तपासण्यांची यादी काढणार नाही. वारंवार मोडायला लागलं, किंवा मार न लागता मणका-मांडीचं हाड मोडलं, तर मात्र मुळापर्यंत जायलाच हवं.

आता गुडघा. "दुखतंय कुठे, एका बोटाने दाखव" म्हणा. वाटीच्या खाली, नडगीच्या वरच्या टोकाला उंचवटा असतो. तिथेच बोट गेलं आणि दाबल्यावर कळवळला, तर बहुधा ऑसगुड-श्लॅटर. मांडीच्या स्नायूला हाडाशी जोडणारा दोर तिथल्या कोवळ्या हाडाला सतत ओढतो, म्हणून दुखतं. उड्या आणि पळणं जरा कमी, खेळून आल्यावर बर्फ, मांडीचे ताण देणारे व्यायाम. वाढ थांबली की आपोआप जातं, कधीकधी उंचवटा तेवढा राहतो.

पण पोरगा लंगडत असेल, जांघेत दुखत असेल किंवा पाय बाहेरच्या बाजूला फिरवून चालत असेल, तर त्याच दिवशी एक्स-रे. खुब्याच्या हाडाचं डोकं वाढीच्या पट्टीवरून (हाडाच्या टोकाजवळचा कूर्चेचा थर, हाड लांब होतं ते तिथूनच) सरकतं आणि दुखतं मात्र गुडघ्यात! वजन जास्त असलेल्या मुलांत हे अधिक होतं. गुडघ्याचाच फोटो काढून 'नॉर्मल' म्हणून घरी पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, एकाच जागी वाढत जाणारी सूज, यांतही वाट बघायची नाही.

रात्रपाळी
बापरे. आत्ताच त्याला चालवून पाहिलं, लंगडत नाहीये. आणि कॅल्शियम?

पोळपाट
मला आकडे पाठ आहेत, धाकट्यामुळे :) अमेरिकेतली शिफारस ९ ते १८ वयाला दिवसाला १३०० मिग्रॅ आहे, देशोदेशी कमीजास्त. पाव लिटर दुधात ३०० च्या आसपास मिळतं. दूध नको असेल तर दही, चीज, काट्यांसकट खाता येणारे छोटे मासे. पालकात कॅल्शियम भरपूर असलं तरी ऑक्झॅलेटमुळे अंगी लागतं थोडंच, पालकावर विसंबू नका. ड जीवनसत्त्वाची शिफारस तिथेच रोज ६०० युनिट. ते कमी असेल तर खाल्लेलं कॅल्शियम नीट शोषलंच जात नाही. घरातलं कोल्ड्रिंकही मोजा, बहुतेक वेळा दुधाची जागा तेच घेतं.

दोन पोरांचा बाप
आणि वजनं उचलली की उंची खुंटते, हे खरं का? धाकटा मागे लागलाय.

हाडवैरी
नाही. बेतशीर वजन, नीट पद्धत आणि कोणाची तरी नजर एवढं असेल तर वाढीवर परिणाम होत नाही. मित्रांसमोर ऐट मारायला झेपणार नाही ते उचललं, तर वाढीची पट्टी दुखावू शकते. तेव्हा तेवढ्यापुरतं वडिलांचं ऐकायचं.

खेळ बंद करणं तर उलट घातक. आदळआपट, उड्या, धावणं यांनीच हाड जाड होतं. पोहणं-सायकल फुप्फुसांना उत्तम, हाडाला तेवढा ताण देत नाहीत. उंचीचा झपाटा ओसरला तरी हाडात भर पडत राहते. त्या झपाट्याच्या आसपासच्या दोनेक वर्षांत मोठेपणीच्या एकूण हाडाचा जवळपास चौथा हिस्सा जमा होतो. नेमका याच वेळी सोफ्यावर बसवायचा?

अवांतर: मुलग्यांच्या वाढीच्या पट्ट्या बंद करतं ते शेवटी इस्ट्रोजेन, म्हणजे बायकांचं म्हणून ओळखलं जाणारं हार्मोन! टेस्टोस्टेरॉनचाच थोडा भाग त्यात बदलतो. इस्ट्रोजेनचा परिणामच होत नसलेल्या एका पुरुषाबद्दल १९९४ मध्ये छापून आलं होतं. अठ्ठाविसाव्या वर्षीही त्याची उंची वाढत होती आणि हाडं विरळ होती.

रात्रपाळी
अपडेट: काल प्लास्टर दाखवायला गेलो तेव्हा गुडघाही दाखवला. डॉक्टरांनी वाटीखाली अंगठा दाबला आणि हा "आई गं" करून अर्धा टेबलावरून उठला. ऑसगुडच. प्लास्टर अजून तीन आठवडे. सध्या त्याचं सगळं लक्ष आत विणायची सुई घालून खाजवण्यात आहे.

हाडवैरी
सुई आधी काढून घ्या! आत कातडी सोलली तर बाहेरून दिसणारही नाही. हेअर ड्रायर गार हवेवर लावून कडेने फुंकर मारा.