डॉकर कंटेनर काढल्यावर नोंदी नाहीशा होतात

प्रश्न (शाहूपुरी, कोल्हापूर):
आमच्या गुळाच्या अडत दुकानाचा हिशेबाचा प्रोग्रॅम मी लिनक्सवर ‘डॉकर रन’ ही आज्ञा देऊन कंटेनरमध्ये (प्रोग्रॅम इतरांपासून वेगळा चालवण्याची डॉकरची बंदिस्त जागा) चालवतो. तो व्यवस्थित चालतो. परंतु कंटेनर काढून नवा सुरू केला की आधीच्या सर्व नोंदी नाहीशा होतात. असे का होते?

उत्तर १:
कंटेनरमध्ये लिहिलेली माहिती त्याच्या स्वतःच्या थरात राहते आणि कंटेनर काढला की तो थरही जातो. म्हणून आपण आज्ञेत ‘डॅश व्ही’ हा पर्याय देऊन, कोलनच्या डावीकडे व्हॉल्यूमचे (कंटेनरबाहेर माहिती टिकवून ठेवणाऱ्या डॉकरच्या साठ्याचे) नाव आणि उजवीकडे प्रोग्रॅम जिथे नोंदी लिहितो त्या कंटेनरमधील फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहावा. हा मार्ग चुकला तरी डॉकर काहीही तक्रार न करता रिकामे फोल्डर तयार करतो, हे फार त्रासदायक आहे.

उत्तर २:
सहमत. मात्र पोर्टसाठी (नेटवर्कवरून प्रोग्रॅमशी जोडण्याच्या क्रमांकासाठी) नुसते ‘८०८०:८०’ लिहिल्यास ते यंत्राच्या सर्व नेटवर्क पत्त्यांवर उघडते. हिशेब इतरांना दिसू नयेत असे वाटत असेल, तर त्याआधी ‘१२७.०.०.१:’ (फक्त याच यंत्रावरून पोहोचता येणारा पत्ता) जोडावे.

प्रश्नकर्ता:
दुकानातील दुसऱ्या संगणकावरूनही पाहायचे असल्यास?

उत्तर २:
मग त्याऐवजी या यंत्राचा दुकानातील नेटवर्कवरचा पत्ता द्यावा.