४० मीटरचा घरगुती रिसिव्हर : खरखर भरपूर, स्टेशनं नाहीत

गॅलरीतली_तार
७.० ते ७.२ मेगाहर्ट्झसाठी (हौशी रेडिओचा ४० मीटर बँड) डायरेक्ट कन्व्हर्जन रिसिव्हर (आलेला सिग्नल थेट ऐकू येणाऱ्या आवाजात बदलणारा) बांधलाय. मिक्सर (अँटेनाचा आणि ऑसिलेटरचा सिग्नल मिसळणारा आयसी) एसए ६१२, ऑसिलेटर एसआय ५३५१ (आर्डुइनो नॅनो बोर्डवरून चालवलेला), शेवटी आवाज वाढवायला एलएम ३८६. टी ५०-२ लाल टोरॉइडवर (कड्यासारखा गाभा) ३० वेढे, त्याच्यावरच अँटेनासाठी ३ वेढ्यांची लिंक (वेगळी छोटी कॉइल). ३० वेढ्यांना समांतर १०० पिकोफॅरड आणि ५-३० चा ट्रिमर (फिरवून बदलता येणारा कपॅसिटर). कॉइलचं वरचं टोक थेट ६१२ च्या पिन १ ला, खालचं ग्राउंडला. पिन २ वरून ०.१ मायक्रोफॅरड ग्राउंडला. ऑसिलेटर १ के आणि १०० ओहमच्या डिव्हायडरमधून पिन ६ ला. अँटेना म्हणजे गॅलरीत ५ मीटर तार.

लक्षणं : हेडफोनमध्ये बारीक खरखर. संध्याकाळनंतर एक ब्रॉडकास्ट स्टेशन कुठेही ट्यून केलं तरी मागे बोलत असतं. अँटेना काढली तरी खरखर तेवढीच. ट्रिमर फिरवून फरक नाही. ३८६ च्या पिन ३ ला स्क्रूड्रायव्हर टेकवला की जोरात गुणगुण येते, तिथला गेन २०० आहे (पिन १ आणि ८ मध्ये १० मायक्रोफॅरड). ६१२ वरचे व्होल्ट : पिन ८ ला ६.१, पिन १ ला ०, पिन २ ला १.४. ३८६ च्या आधी प्रीअ‍ॅम्प टाकू का?

लाल_टोरॉइड
प्रीअ‍ॅम्प आत्ता नको, नाहीतर तीच खरखर मोठी ऐकाल. उत्तर तुमच्याच व्होल्टमध्ये आहे. पिन १ आणि २ ला आयसी आतूनच बायस (ठरावीक डीसी व्होल्ट) देतो, दोन्हीवर साधारण १.४ दिसायला हवेत. तुमची कॉइल डीसीसाठी सरळ शॉर्ट आहे, तिचं एक टोक ग्राउंडला, म्हणून पिन १ शून्यावर बसलाय. आतल्या जोडीतला एक ट्रान्झिस्टर बंद पडला की मिक्सिंग जवळजवळ होतच नाही. स्टेशन मात्र जोरदार असेल तर कुठूनही घुसतं.

कॉइल आणि पिन १ च्या मध्ये १० नॅनोफॅरड टाका. मग पुन्हा मोजा, दोन्ही पिन सारख्या हव्यात. आयसी साधारण २.४ मिलिअँप ओढतो. आकडा फारच वेगळा आला तर आयसीवर संशय घ्या.

डिव्हायडर ठीक आहे. ५३५१ चा ३.३ व्होल्टचा चौकोनी सिग्नल तिथे ०.३ व्होल्टवर येतो. ६१२ ला २०० मिलिव्होल्ट पीक-टू-पीक पुरतात. पिन ६ ला पण कपॅसिटरमधूनच जा. तिथेही थेट १०० ओहम ग्राउंडला गेलं तर हाच घोळ.

गॅलरीतली_तार
पिन ६ ला १० नॅनो आधीपासून होता. पिन १ ला टाकला, आता दोन्ही १.४. अँटेना लावली की खरखर किंचित वाढते, सकाळी दोन-तीन स्टेशनं पुसट ऐकू आली. ट्रिमर जसा बंद करत जातो तसा आवाज वाढतो, पण शेवटच्या टोकापर्यंत वाढतच राहतो, मध्ये कुठेही शिखर येत नाही.

पिकोफॅरड_प्रेमी
ट्रिमर पूर्ण बंद (जास्तीत जास्त कपॅसिटन्सवर) असतानाच सर्वात बरा, म्हणजे कपॅसिटन्स कमी पडतोय. टी ५०-२ ला ३० वेढे म्हणजे ४९ × ९०० ÷ १०,००० = ४.४ मायक्रोहेन्री. ७.१ मेगाहर्ट्झला त्याच्याबरोबर एकूण ११४ पिकोफॅरड लागतात. १०० चा असता तर ट्रिमर मध्यावरच शिखर द्यायला हवा होता.

त्या सिरॅमिकवर छापलंय काय ते भिंगातून बघा. '१०१' म्हणजे १००. पण '१००' म्हणजे १० पिकोफॅरड, शेवटचा आकडा शून्यांची संख्या असतो. १० अधिक ट्रिमरचे ३० धरले तर तुमची कॉइल १२ मेगाहर्ट्झच्या आसपास ट्यून झालेली आहे.

वेढेही मोजा : तार भोकातून जितक्या वेळा जाते तितके वेढे, बाहेरच्या बाजूचे नाही. आणि तारेवरचं इनॅमल (इन्सुलेशनचा लेप) टोकांना नीट खरवडलंय ना? वरून सोल्डर चमकतो, आत संपर्क नसतो.

गॅलरीतली_तार
'१००' च छापलंय. दुकानदाराला "शंभरचा द्या" म्हटलं होतं.

लाल_टोरॉइड
मग १०१ बसवा, शक्यतो एनपी० प्रकारचा (तापमानाने किंमत न बदलणारा). ट्रिमर जुळवायला बँडवरच्या स्टेशनची वाट बघू नका. ५३५१ ला तीन आउटपुट असतात. दुसरं ७.१००७ ला सेट करा, रिसिव्हर ७.१००० वर ठेवा. दुसऱ्या आउटपुटची तार लिंकजवळ नुसती धरून ठेवा, जोडू नका. ७०० हर्ट्झची शिट्टी येईल, ती मोठ्यात मोठी होईल तिथे ट्रिमर थांबवा. तार दूर नेल्यावर शिट्टी बरीच पडली पाहिजे. नाही पडली तर सिग्नल बोर्डवरूनच गळतोय आणि ट्रिमरचं काही कळणार नाही. शिखर टोकदार नसेल, ६१२ चा १.५ के इनपुट कॉइलला बोथट करतो.

लिंक ३ वेढ्यांचीच राहू द्या. ५ केल्या तर सिग्नल थोडा वाढतो, पण ७.२ च्या वरची ब्रॉडकास्ट स्टेशनं आणखी आत येतात. ती त्रास देत असतील तर अँटेनाशी १ के चा पॉट (फिरवायचा रेझिस्टर) लावून सिग्नल कमी करा. हे उलटं वाटतं, पण घुसखोरी सिग्नलपेक्षा भरभर कमी होते.

गच्चीवाला
अँटेनाकडे कोणी बघत नाहीये. ५ मीटर तार ४० मीटर बँडला फारच आखूड आहे, आणि ३ वेढ्यांची लिंक ५० ओहमसाठी असते. गच्ची मिळत असेल तर डायपोल टाका, प्रत्येक बाजू १० मीटर. नसेल तर तार लिंकला न जोडता १० पिकोफॅरडमधून थेट कॉइलच्या वरच्या टोकाला द्या (तुमच्याकडे आता एक सुटा आहेच!) आणि ग्राउंडला तेवढीच दुसरी तार जोडून जमिनीवर सोडा. ट्रिमर पुन्हा जुळवा.

नॅनोला लॅपटॉप किंवा मोबाइल चार्जरवरून वीज देऊ नका. १२ व्होल्ट ७ अँप-तासाच्या बॅटरीवर एकदा ऐका आणि घरातले एलईडी दिवे एकेक बंद करून फरक बघा. आणि भर दुपारी तपासणी नको, त्या वेळी आयनमंडळाचा (वातावरणातला रेडिओलहरी परतवणारा भाग) खालचा थर लांबचे सिग्नल शोषून घेतो. सकाळी किंवा सूर्यास्तानंतर बघा.

पिकोफॅरड_प्रेमी
हे सगळं झाल्यावर अँटेना लावताच खरखर स्पष्ट उसळली, तर पुढचा भाग ठीक आहे. तरी आवाज कमी वाटला तर मग प्रीअ‍ॅम्पची वेळ. बीसी ५४९, कलेक्टरला ४.७ के, कलेक्टर ते बेस १ मेगओहम, एमिटरला बायपास न करता २२० ओहम : साधारण २५ डीबी. त्याला वीज १ के आणि १०० मायक्रोफॅरडच्या फिल्टरमधून, आणि व्हॉल्यूमचा पॉट त्याच्यानंतर, ३८६ च्या आधी. फटफट आवाज सुरू झाला तर ३८६ चा १० मायक्रोफॅरड काढून गेन २० वर आणा.